सगळ्यात भारी गिटारिस्ट कोण? आधी उजवा हात बघ

"सर, जगातला सगळ्यात भारी गिटारिस्ट कोण? आमच्या ग्रुपमध्ये यावरून रोज भांडणं चालतात. नेटवरच्या याद्यांत सगळे रॉकवालेच असतात. क्लासिकल, जॅझ, फ्लॅमेंको, आपल्याकडचे, यांच्यातले मोठे कोण? आणि मी कुणाला ऐकू?"

हा प्रश्न माझ्याकडे दीड वर्षापासून शिकणाऱ्या एका मुलाने पाठवलाय. इंजिनिअरिंगला आहे, हात बरा आहे, घाई फार आहे. क्लासमध्ये पाच मिनिटांत उत्तर दिलं असतं तर बाहेर जाऊन "काय बे, सरांनी टाळलं की" म्हणाला असता. म्हणून लिहूनच काढतो.

एक नंबर, दोन नंबर मी लावणार नाही. भीमसेन जोशी मोठे की कुमार गंधर्व, यावर रात्र जागवता येते, निकाल लागत नाही. मी एवढंच बघतो की या माणसाच्या आधी गिटारमधून जे निघत नव्हतं, ते त्याच्यामुळे निघालं का? सोलापुरात २८ वर्षं शिकवून आणि त्याआधी ऑर्केस्ट्रात वाजवून माझं एक मत पक्कं झालंय. असं जे नवं निघालं, ते बहुतेक वेळा उजव्या हातातून निघालं. डावा हात दिसतो, पळतो, फोटोत छान येतो. उजवा एका जागी बसून काम करतो, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. घरी करून बघ. डाव्या हाताने ई मायनर कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांची पकड) धर आणि तो हात अजिबात हलवू नकोस. आता अंगठ्याच्या मांसल भागाने हळू छेड. मग नखांनी एकेक बोट उलगडत झटका मार. मग पिकने, म्हणजे तारा छेडायच्या छोट्या चकतीने, ब्रिजजवळ (तारा खाली जिथे टेकतात तिथे) तळहात टेकवून दाबून वाजव. कॉर्ड एकच, पण जॅझ, स्पेन आणि मेटल असे तीन देश फिरून आलास.

सुरुवात क्लासिकलपासून करतो, कारण तुमच्या याद्यांत तेच नसतं. आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) हा स्पेनचा माणूस. त्याच्या लहानपणी गिटार म्हणजे दारूच्या गुत्त्यातलं आणि रस्त्यावरचं वाद्य. आपल्याकडे पेटीला एके काळी जशी वागणूक मिळाली, साधारण तशीच. बाखने व्हायोलिनसाठी लिहिलेली शाकोन ही अवघड रचना त्याने १९३५ साली पॅरिसमध्ये गिटारवर वाजवून दाखवली, आणि नाकं मुरडणाऱ्यांना गप्प बसावं लागलं. त्याचा उजवा हात म्हणजे नख आणि मांस यांचं मिश्रण. तार आधी बोटाच्या मांसाला लागते, मग नखावरून सुटते. त्यामुळे आवाजाला गोलाई येते. दुसरं काम त्याच्याइतकंच मोठं. तेव्हा गिटारला जनावराच्या आतड्याच्या तारा असत. त्या हवेप्रमाणे सुरातून उतरायच्या आणि तुटायच्याही पटकन. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा बनवल्या, त्या सेगोव्हियाने उचलून धरल्या आणि जगभर तेच रूढ झालं. आपल्या मे महिन्यात, ४३ डिग्रीला लाकूड आखडतं आणि फ्रेटची, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं बोटाला टोचायला लागतात, तेव्हा तू निदान तारांच्या नावाने तरी ओरडत नाहीस. त्याचं थोडं श्रेय या दोघांना.

सेगोव्हियाच्या आधीचा फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) तुला नावाने माहीत नसेल, कानाने नक्की माहीत आहे. जुन्या नोकिया फोनची ती रिंगटोन त्याच्या 'ग्रान व्हाल्स' या गिटारच्या रचनेतला तुकडा आहे. पण त्याची खरी कमाल ट्रेमोलोची. अंगठा खाली खर्ज चालवतो आणि अनामिका, मध्यमा, तर्जनी एकामागून एक वरच्या सुराच्या एकाच तारेवर पडतात. ऐकणाऱ्याला वाटतं सूर तुटतच नाही, आणि वाजवणारे दोघे आहेत. ज्युलियन ब्रीम आणि जॉन विल्यम्स हे दोघे नंतरचे. ब्रीममध्ये रंग जास्त, विल्यम्समध्ये सफाई. मला ब्रीम आवडतो.

आता फ्लॅमेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं लोकसंगीत. इथे मी जरा थांबणार, कारण हे सोलापूरकराला जितक्या लवकर कळेल तितकं कुणाला कळणार नाही. फ्लॅमेंकोत गिटार हे आधी तालवाद्य आहे. त्यांच्या बुलेरियास नावाच्या प्रकारात बारा मात्रा. आपल्या एकतालातही बाराच. पण आपण दोन-दोनचे सहा भाग करतो, ते जोर देतात बारा, तीन, सहा, आठ आणि दहावर. म्हणजे तीन, तीन, दोन, दोन, दोन. क्लासमध्ये हे समजावताना मी वही बाजूला ठेवतो आणि लेझीम आठवायला सांगतो. गणपतीच्या मिरवणुकीत सोलापुरात ज्याने लेझीम धरलीय, त्याच्या पायाला वजन कुठे टाकायचं हे आधीच माहीत असतं. मोजत बसलास की गेलास.

पाको दे लुसिया (१९४७–२०१४) या तालाचा राजा. स्पेनच्या दक्षिण टोकाला आल्हेसिरास नावाचं बंदर आहे, तिथला. त्याचा उजवा हात हळू करून बघ, आज व्हिडिओचा वेग कमी करता येतो. तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने पडतात, त्याला पिकादो म्हणतात. पिकशिवाय इतकी स्वच्छ आणि धारदार तान दुसऱ्या कुणाची मी ऐकलेली नाही. चारही बोटं पंख्यासारखी उलगडणारा रास्गेआदो वेगळा, आणि एकट्या अंगठ्याने खाली-वर मारायचा आल्साप्वा वेगळा. पेरूमध्ये ऐकलेलं काहोन नावाचं लाकडी खोकं त्याने फ्लॅमेंकोत आणलं. आज आपल्याकडे कॉलेजच्या प्रत्येक गॅदरिंगला त्या खोक्यावर कुणीतरी बसलेलं असतं, त्यातल्या निम्म्यांना हे माहीत नसतं. डिसेंबर १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो, जॉन मॅकलॉफ्लिन आणि अल दी मेओला असे तिघे तीन गिटारी घेऊन बसले. ते रेकॉर्डिंग मिळतं. ग्रुपमधल्या सगळ्यांना एकदम ऐकव, अर्धी भांडणं मिटतील. नवी सुरू होतील ते सोड.

जॅझमध्ये माझं पहिलं नाव जँगो राइनहार्ट (१९१०–१९५३). फिरस्त्या जिप्सी समाजातला. १९२८ साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली, तेव्हा तो १८ वर्षांचा होता. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजून आखडली ती कायमची. त्यानंतर तो गिटार नव्याने शिकला. तान दोन बोटांत, आणि जिथे कॉर्ड लागेल तिथे ती आखडलेली बोटं टेकवायची. १९३४ मध्ये पॅरिसला व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याने ढोल-ड्रमशिवायचा पंचक जमवला. ड्रम नाहीत म्हणजे ठेका कोण धरणार? गिटारवाल्यांचे उजवे हात.

ही गोष्ट मी उगाच लांबवत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पूर्व भागातला एक पोरगा माझ्याकडे आला होता. डाव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर कारखान्यात गेलेलं. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, जमेल काय?" मी काही बोललो नाही, जँगो लावला. गाणं संपल्यावर सांगितलं की हे दोन बोटांचं काम आहे. तो पोरगा आज बेस वाजवतो, लग्नसराईत त्याची तारीख मिळत नाही.

आणि हेच एका इंग्रज कारखान्यातही घडलंय. टोनी आयोमी बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. वय १७. नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्राखाली दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात त्याचा उजवा, आणि गेलं ते नेमकं त्याच हाताचं. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या, पुढे सूरही खाली उतरवला. तारा सैल, आवाज जड. त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो काळाकुट्ट आवाज आणि त्यातून निघालेलं हेवी मेटल यात त्या पत्र्याच्या यंत्राचा वाटा आहे. तुझ्या ग्रुपमधल्या मेटलवाल्यांना सांग, तुमचा आजोबा एक जिप्सी जॅझवाला आहे.

वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) दिवसा कारखान्यात, रात्री क्लबात. विशीच्या आसपास चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकून स्वतःच शिकला. चार्ली ख्रिश्चन म्हणजे १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार घेऊन सॅक्सोफोनच्या बरोबरीने तान घेणारा, २५व्या वर्षी गेलेला मुलगा. तर वेस रात्री घरी सराव करायचा आणि पिकचा आवाज शेजाऱ्यांना त्रास द्यायचा. म्हणून त्याने पिक टाकली आणि अंगठ्याने वाजवायला लागला. तीच त्याची ओळख झाली. त्यात दोन सप्तकांतला एकच सूर जोडीने वाजवत पूर्ण तान न्यायची. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी हे सांगतो. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या की त्यांचे आभार मान.

पिकवरून आठवलं. पहिल्या दिवशी मी "पिक आणलंस का?" विचारलं की यंत्रमागवाल्या घरातली पोरं हसतात. मागावर आडव्या धाग्याच्या एका फेकीलाही पिकच म्हणतात. आणि पिक खाली-वर सरळ, न अडखळता चालवायचं शिकायचं असेल तर आधी आपल्या मिरवणुकीतल्या बेंजोवाल्याकडे बघ. तासन्‌तास, गर्दीत, घामात त्याचं मनगट सुटलेलं असतं. त्या माणसाला कुणी कधी कुठल्या यादीत घातलेलं नाही.

ब्राझीलचा जोआओ जिल्बेर्तो (१९३१–२०१९) तर एकही तान न घेता माझ्या यादीत आहे. त्याच्या संगीताचं नाव बोसा नोव्हा. अंगठा सांबातल्या मोठ्या ढोलासारखा सरळ चालतो, बाकीची बोटं त्याच्या मधल्या जागांत कॉर्ड टाकतात आणि वर तो कुजबुजल्यासारखा गातो. सोपं वाटतं. करून बघ आणि मला फोन कर. अंगठा आणि बोटं वेगळी करण्याचं हेच काम अमेरिकेत कंट्री संगीतात मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अ‍ॅटकिन्स यांनी केलं. आजचा टॉमी इमॅन्युएल त्याच घराण्यातला.

ब्लूजला माझा सिद्धांत लंगडा पडतो, ते कबूल करतो. बी. बी. किंग (१९२५–२०१५) याचं सगळं डाव्या हातात. तार दाबून तो पंजा असा हलवायचा की एकाच सुराला माणसाच्या गळ्यासारखा कंप यायचा. मला कॉर्ड वाजवता येत नाहीत, हे तो स्वतःच सांगायचा. गाताना वाजवायचा नाही, वाजवताना गायचा नाही. एक ओळ गळ्याने, तिला उत्तर गिटारने. गायकाच्या मागे हार्मोनियमवाला जागा भरतो ना, तसं, फक्त इथे दोन्ही माणसं एकच. त्याच्या गिटारचं नाव ल्युसिल. १९४९ च्या हिवाळ्यात अर्कान्सासमधल्या एका नाचाच्या हॉलमध्ये ल्युसिल नावाच्या बाईवरून दोघांची मारामारी झाली, उबेसाठी पेटवलेलं केरोसीनचं पिंप कलंडलं आणि हॉल पेटला. हा बाहेर पळाला आणि गिटार आत राहिली म्हणून परत आत शिरला. असा मूर्खपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून ते नाव.

रॉकवर मी कमी लिहितोय, ते तुम्ही भांडून पूर्ण करालच. जिमी हेंड्रिक्सने (१९४२–१९७०) अँप्लिफायरच्या किंचाळण्यालाच वाद्य केलं. स्पीकरसमोर उभं राहिलं की जी शिट्टी येते, जी थांबवायला आमचा साउंडवाला धावत यायचा, ती त्याने हव्या त्या सुरावर आणून दाखवली. तो डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा, मात्र तारा आपल्या सोयीने बदलून. एडी व्हॅन हॅलनने (१९५५–२०२०) उजवा हात सरळ फ्रेटबोर्डवर नेला. ती युक्ती त्याच्या आधीही होती, पण १९७८ नंतर ती प्रत्येक पोराला हवी झाली. जिमी पेज, डेव्हिड गिल्मोर, जेफ बेक हे सगळे मोठे. त्यातला जेफ बेक मला जास्त जवळचा. त्याने पुढे पिक सोडून दिली आणि अंगठ्याने वाजवायला लागला, एवढं सांगितलं म्हणजे कारण कळेल.

पण रॉकच्या याद्यांत जिला हक्काची जागा मिळत नाही ती सिस्टर रोझेटा थार्प (१९१५–१९७३). चर्चची गाणी गाणारी बाई, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार. तिच्या मागून आलेल्या रॉक अँड रोलवाल्यांनी तिचंच उचललं. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर, पावसात, प्रेक्षक एका फलाटावर आणि ती समोरच्या फलाटावर, असा तिचा कार्यक्रम झाला. त्याचं चित्रीकरण आहे. अंगात कोट, आणि वाजवताना चेहऱ्यावर असा भाव की घरचंच काम करतेय.

एलिझाबेथ कॉटनही अशीच. डावखुरी. हेंड्रिक्सने तारा तरी बदलल्या, हिने तीही तसदी घेतली नाही. गिटार उलटी धरली, खर्जाच्या तारा खाली, बारीक वर. मग बोटांनी खर्ज आणि अंगठ्याने चाल. आयुष्याची बरीच वर्षं घरकाम केलं, आणि नव्वदीत ग्रॅमी मिळालं. गेल्या वर्षी एक आई डावखुऱ्या मुलीला घेऊन आली होती. "सर, हिला उजव्याने सवय लावा, जेवताना पण आम्ही तेच करतो." मी मुलीच्या हातात गिटार दिली आणि कशी धरते ते बघितलं. उलटी धरली. तशीच शिकतेय.

आपल्याकडे यायच्या आधी एक शेतकरी. मालीचा अली फारका तुरे (१९३९–२००६). गिटारवादक म्हटलं तर आधी मी शेतकरी आहे म्हणायचा, आणि शेवटी आपल्या नियाफुंके गावाचा महापौरही झाला. गावचे रस्ते, गटारं यांवर स्वतःचे पैसे घातले. ऐकलंस तर तुला हे ब्लूजच वाटेल. लोक त्याला तसं म्हणायचे, तर तो सांगायचा की मुळं इकडे आहेत, तिकडे गेल्या त्या फांद्या.

आता आपलं. आपल्याकडे गिटार मोठी झाली ती मांडीवर आडवी पडून. हवाईमध्ये जोसेफ केकुकूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेवर लोखंडाचा तुकडा घासून वाजवण्याची रीत रुळवली. १९४०च्या दशकात ताऊ मो हा हवाईचा कलावंत कुटुंबासह कोलकात्यात राहिला, शिकवलं, आणि ते वाद्य इथलंच झालं. का झालं ते उघड आहे. फ्रेटवर बोट ठेवलं की सूर पायऱ्या चढतो, लोखंड घासलं की घसरतो. म्हणजे मींड. आपल्याला तेच तर हवं होतं. व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली यांनी सिनेमाची गाणी त्यावर वाजवली. आमच्या लहानपणी रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये जी गिटार वाजायची ती हीच.

ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी ती रागदारीत आणली. अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. १९६७ मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर 'कॉल ऑफ द व्हॅली' ही रेकॉर्ड झाली. त्यात संतूर-बासरी सगळ्यांना आठवते, गिटार काब्रांची हे सांगावं लागतं. विश्वमोहन भट्ट यांनी पुढे जाऊन वाद्यच बदललं. चिकारीच्या (मधूनमधून छेडायच्या) आणि बारा तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा लावून मोहनवीणा केली. अमेरिकन राय कूडरबरोबर त्यांनी जवळजवळ पहिल्याच भेटीत रेकॉर्ड केलेल्या अल्बमला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं. यातही डावा हात फक्त लोखंड सरकवतो. दा-रा हे बोल, झाला ही शेवटची जलद छेड, सगळी लय उजव्या हातातल्या नख्यांची. काब्रांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य आज वाजवतात. त्यांचा झाला ऐक, मग पिकादो आठव.

जॉन मॅकलॉफ्लिनने तीच मींड उभ्या गिटारवर आणायचा ध्यास घेतला. १९७५ मध्ये झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबर 'शक्ती' केली, तेव्हा त्याच्या गिटारला तरफा होत्या आणि फ्रेटच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं, तार हवी तशी ओढता यावी म्हणून.

सिनेमातले वादक पडद्याआड राहिले. 'दम मारो दम'ची गिटार भूपिंदर सिंग यांची, तेच पुढे गझल गाणारे. 'कर्ज'मधल्या 'एक हसीना थी'ची ती गाजलेली धून गोरख शर्मांची. ऑर्केस्ट्राच्या दिवसांत ती धून मी सोलापूरच्या गड्डा जत्रेपासून गावोगावच्या जत्रांपर्यंत किती वेळा वाजवली असेल! एकदा पहाटे तीनपर्यंत वाजवून घेतलं आणि मालकाने पाकीट दिलंच नाही, म्हणाला गर्दी कमी होती. गर्दीने तीच धून तीनदा मागितली होती.

तर तू कुणाला ऐकू? एका महिन्यात एकच माणूस. आधी वेस, कारण त्याला अंगठ्याशिवाय काही लागत नाही. मग जिल्बेर्तो. मग पाको, आणि तेव्हा पहिले चार दिवस गिटारला हात लावायचा नाही, नुसत्या टाळ्या वाजवून बारा मात्रा बसवायच्या. हेंड्रिक्स तू तसाही ऐकतोसच.

आणि उजव्या हाताची नखं आतापासून कापू नकोस, तर्जनी, मध्यमा, अनामिका आणि अंगठा. डाव्याची मात्र एकदम बारीक. पुढच्या महिन्यात तारेगाचा ट्रेमोलो घेऊ. घरी आई ओरडली तर माझं नाव सांग.